दुर्गम गावातल्या मुलीच्या रियाजाचा खर्च किती?

वेल्हे, मुळशी, भोर किंवा जुन्नरच्या डोंगरपट्ट्यातल्या शाळेला हार्मोनिअम भेट देणे सोपे असते. पंधरा-वीस हजारांचा धनादेश, एक छायाचित्र आणि आभाराचे पत्र, एवढ्यात काम संपते. दोन पावसाळ्यांनंतर त्या पेटीचे काय झाले, हे देणाऱ्याला सहसा कळत नाही. भाता गळू लागतो, सूर अडकतात, शिकवणारे कोणी नसते आणि पेटी कपाटावर चढते.

गावातल्या मुलीने गाणे, नृत्य किंवा नाटक नेमाने शिकावे म्हणून पुण्यातून आधार द्यायचा असेल, तर हिशेब वेगळा मांडावा लागतो. वाद्य एकदाच घ्यावे लागते, शिकवणीची फीही आवाक्यातली असते. खरा पैसा अंतरावर, सोबतीवर, राहण्या-जेवण्यावर आणि वर्षांवर खर्च होतो. हे मार्गदर्शन त्या हिशेबाचे आहे. यातल्या रकमा पुणे शहर आणि जिल्ह्यासाठी अंदाजपत्रक बांधताना धरायच्या ढोबळ मर्यादा आहेत. त्या कोणत्याही संस्थेचे दरपत्रक नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष पैसे देण्यापूर्वी चालू दर विचारून घ्यावेत.

आधी मुलगी, मग कला

पुण्यात शिकवणाऱ्यांची वाण नाही. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये सुरू केलेला भारत गायन समाज, विनायकबुवा पटवर्धन यांचे १९३२ चे गांधर्व महाविद्यालय, रोहिणी भाटे यांची १९४७ ची नृत्यभारती, आणि विद्यापीठातले १९८७ पासूनचे ललित कला केंद्र (गुरुकुल) अशी परंपरा शहरात आहे. अडचण साठ-सत्तर किलोमीटरच्या घाटवाटेची आहे. ही अडचण नवीनही नाही. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात. आज त्याच गुरूच्या नावाचा महोत्सव पुण्यात दर डिसेंबरला भरतो.

आधार देण्यापूर्वी मुलीची परिस्थिती दोनपैकी कोणती, हे पाहावे.

पहिली, घरात कलेची परंपरा नसलेली मुलगी. महादेव कोळी, कातकरी, धनगर किंवा छोट्या शेतकऱ्याच्या घरातली. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिचा आवाज किंवा पाय कोणाच्या तरी लक्षात आलेला असतो. तिला शिक्षक हवा असतो.

दुसरी, लोककलावंताच्या घरातली मुलगी. जुन्नर तालुक्यातले नारायणगाव ही तमाशाची पंढरी. राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावाच्या नावाने ओळखल्या गेल्या आणि राज्य शासनाचा तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो. अशा घरातल्या मुलीला ताल आणि अदाकारी फीशिवाय मिळते. मात्र फडाचा हंगाम दसऱ्यापासून वैशाखातल्या यात्रांपर्यंत चालतो आणि शाळाही त्याच महिन्यांत भरते. तिच्यासाठी पैसा वसतिगृहावर आणि शाळेवर खर्च करावा. तिला पुण्यात आणून नव्याने सा रे ग म शिकवण्याची घाई करू नये.

कला आपण ठरवायची नाही. देणाऱ्याला कथक आवडते म्हणून ढोलकी वाजवू पाहणाऱ्या मुलीच्या पायात घुंगरू बांधले, तर वर्षभरात ती येणे थांबवते.

मार्ग पहिला: शिक्षक गावात जातो

दहा ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग. मुलगी घरी राहते, शाळा सुटत नाही, आईला दिसत राहते. पुण्याहून शिक्षिका आठवड्यातून एकदा जाते. पंधरा मुलींचा गायनवर्ग आणि वर्षाला ३६ फेऱ्या धरून पहिल्या वर्षाचा खर्च असा:

- शिक्षिकेचे मानधन, फेरीला १,५०० ते २,५०० रुपये: ५४,००० ते ९०,०००
- प्रवास, एसटीने फेरीला ३०० ते ४०० रुपये: १०,८०० ते १४,४००
- गावातली ताई, महिना २,००० ते ३,००० रुपये, दहा महिने: २०,००० ते ३०,०००
- हार्मोनिअम, तबला-डग्गा, तानपुऱ्यासाठी यंत्र किंवा स्पीकर: २२,००० ते ३६,०००
- खाऊ, मुलीमागे २० रुपये: १०,८००
- परीक्षा आणि परीक्षेचा प्रवास, मुलीमागे १,००० रुपये: १५,०००

एकूण सुमारे १ लाख ३३ हजार ते १ लाख ९६ हजार, म्हणजे मुलीमागे वर्षाला ९ ते १३ हजार. दुसऱ्या वर्षी वाद्ये घ्यावी लागत नाहीत, दुरुस्तीला तीन-चार हजार धरले की मुलीमागे साडेसात ते अकरा हजार होतात.

या यादीतल्या गावातल्या ताईची रक्कम दाते सर्वांत आधी कापतात. वर्ग बंद पडण्याचे कारणही तेच ठरते. खोलीची किल्ली तिच्याकडे असते, मुलींना घरून ती बोलावते आणि शिक्षिका नसलेल्या सहा दिवसांत अर्धा तास रियाज ती करून घेते. बचत गटातली किंवा अंगणवाडीशी जोडलेली, गावाला ठाऊक असलेली बाई यासाठी शोधावी आणि तिला पैसे वेळेवर द्यावेत.

फेऱ्या बावन्न न धरता छत्तीस धरल्या, त्याला कारण आहे. जुलैत भातलावणी असते आणि मुली शेतात असतात. पावसात घाटरस्ते बंद होतात. परीक्षा, दिवाळी, गावची यात्रा आणि मे महिना यांतही वर्ग भरत नाही. शिक्षिकेशी करार करताना हे वेळापत्रक आधीच लिहून घ्यावे, म्हणजे बुडालेल्या फेरीवरून पुढे कुरबुर होत नाही.

मार्ग दुसरा: मुलगी महिन्यातून दोनदा पुण्याला येते

तीन-चार वर्षे शिकलेली, पुढे जाण्याची चिन्हे दिसणारी एखाद-दुसरी मुलगी असते. तिला गुरूसमोर बसवण्याची ही पायरी. तालुक्याच्या गावाहून आईसोबत येणारी मुलगी, महिन्याला दोन फेऱ्या आणि दहा महिने धरून वर्षाचा खर्च:

- वर्गाची फी, महिना १,००० ते २,००० रुपये: १०,००० ते २०,०००
- दोघींचा एसटी प्रवास, शहरातली बस किंवा रिक्षा आणि जेवण: ९,००० ते ११,०००
- आईची बुडालेली मजुरी, फेरीला ३०० ते ४०० रुपये: ६,००० ते ८,०००
- घरच्या रियाजाचे साहित्य, घुंगरू किंवा वह्या-पुस्तके: ५,००० ते ८,०००
- परीक्षा: १,५०० ते २,०००

एकूण साडेएकतीस ते एकोणपन्नास हजार. फी याच्या निम्मीही नाही. आईच्या मजुरीची ओळ पुष्कळ अंदाजपत्रकांत सापडत नाही. दाता फी भरतो, प्रवासही देतो, पण रोजंदारीवर जगणाऱ्या घराला महिन्याचे दोन दिवस परवडत नाहीत आणि तिसऱ्या महिन्यापासून मुलगी गैरहजर राहते. ही भरपाई दानासारखी हातावर ठेवू नये, प्रवासखर्चाबरोबर हिशेबातच द्यावी.

प्रवासात वाचवता येण्यासारखे पैसे वाचवावेत. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सर्व बसमध्ये तिकिटात ५० टक्के सवलत आहे. पाचवी ते बारावीच्या मुलींना घर ते शाळा प्रवासासाठी अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो. गावातला वर्ग तालुक्याच्या शाळेतच, शाळा सुटल्यावर घेतला, तर या पासावर मुलींचा प्रवास बहुधा फुकट होतो. शेवटच्या एसटीची वेळ पाहूनच वर्गाची वेळ ठरवावी. वेल्हे-भोरकडची गाडी स्वारगेटहून सुटते, तर जुन्नर-घोडेगावकडची वाकडेवाडीहून. गुरूचे घर त्या बाजूला असेल तर शहरातला तासभर वाचतो.

मार्ग तिसरा: बारावीनंतर पुण्यात राहून पदवी

कला हेच शिक्षण करायचे ठरले की खर्चाची जात बदलते. ललित कला केंद्रात संगीत, नृत्य आणि नाटक यांचे पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण गुरुकुल पद्धतीने दिले जाते. भारती विद्यापीठ आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठातही अभ्यासक्रम आहेत. सार्वजनिक आणि खासगी विद्यापीठांच्या शुल्कात काही पटींचा फरक असतो. खालचा अंदाज सार्वजनिक विद्यापीठ धरून आहे:

- राहणे-जेवण, खासगी वसतिगृहात महिना ७,००० ते १२,००० रुपये, दहा महिने: ७०,००० ते १,२०,०००
- शुल्क, परीक्षा, पुस्तके: २०,००० ते ४०,०००
- वाद्य, वेशभूषा, मैफलींची तिकिटे: १५,००० ते २५,०००
- शहरातला प्रवास आणि फोन: १२,००० ते १५,०००
- आरोग्य आणि किरकोळ: ६,००० ते १०,०००
- गावाकडच्या फेऱ्या: ३,००० ते ४,०००

वर्षाला १ लाख २६ हजार ते २ लाख १४ हजार. यात प्रत्यक्ष शिक्षणाचा वाटा पाचवा हिस्साही नाही. म्हणून या टप्प्यावर सर्वांत आधी शोधायचे ते वसतिगृह. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागांची मुलींची शासकीय वसतिगृहे आहेत. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातल्या गरजू विद्यार्थ्यांची सोय करते. महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापलेल्या स्त्री शिक्षण संस्थेची कर्वेनगर परिसरात मुलींची वसतिगृहे आहेत. अर्जाच्या मुदती महाविद्यालयीन प्रवेशाच्या आसपासच संपतात, त्यामुळे बारावीची परीक्षा झाली की लगेच चौकशी करावी.

वसतिगृह पाहताना एक प्रश्न हमखास विचारावा: रियाज कुठे करता येईल? पहाटे तानपुरा लावला की खोलीतल्या बाकीच्या मुली तक्रार करतात आणि घुंगरांचा आवाज खालच्या मजल्यावर जातो. रियाजाला जागा नसेल तर महिना काही रक्कम मोजून जवळची खोली किंवा सभागृह सकाळी दोन तास मिळवावे लागते.

वाद्य आणि साज: कुठे पैसे घालावेत, कुठे वाचवावेत

तबला: घरात पडून असलेला भेट म्हणून देऊ नये, आधी त्याचा सूर पाहावा. पुरुष गायकांना साधारण काळी एकच्या आसपासचा तबला लागतो, मुलींचा आवाज काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास बसतो. मोठ्या तोंडाचा तबला तिथपर्यंत चढवायला गेले तर पुडी फाटते. मुलींच्या वर्गासाठी लहान तोंडाचाच घ्यावा. नवी जोडी ६,००० ते १०,००० रुपयांत मिळते. पावसाळी हवेत कातडे उतरते, म्हणून दर दोन वर्षांनी पुडी बदलण्याचा खर्च धरावा.

हार्मोनिअम: १२,००० ते २०,०००. जुनी घ्यायची तर पेठेतल्या कारागिराकडून भाता आणि सूर तपासून घ्यावेत. सोबत जाड झाकण आणि लाकडी पेटी घेतलीच पाहिजे. मुळशी-वेल्ह्याच्या दमट हवेत वाद्याचे आयुष्य त्यावरच ठरते.

तानपुरा: सुरुवातीला विकत घेऊ नये. फोनवरचे तानपुऱ्याचे अ‍ॅप आणि दोन-तीन हजारांचा चांगला स्पीकर पुरतो. मध्यमा परीक्षेच्या पुढे गेलेल्या मुलीसाठी मिरजेचा तानपुरा घ्यावा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. किमतीसाठी पंधरा ते तीस हजारांची तयारी ठेवावी.

घुंगरू: कथकात पुढे एका पायात शंभर किंवा त्याहून अधिक घुंगरू बांधतात, पण नवशिक्या मुलीला एका पायात पंचवीस ते पन्नास पुरतात. जोड १,२०० ते २,५०० रुपयांत होतो. मुलगी वाढली की त्याच दोरीत घुंगरू वाढवता येतात.

वेशभूषा: भरतनाट्यमचा पोशाख शिवायला ६,००० ते १२,००० रुपये लागतात आणि वाढत्या वयात तो दोन वर्षांत आखूड होतो. कार्यक्रमापुरता ड्रेपरीवाल्याकडून दिवसाला ३०० ते ६०० रुपयांत भाड्याने घ्यावा. अरंगेत्रमचा, म्हणजे पहिल्या जाहीर सादरीकरणाचा, घाट लाखांत जातो आणि देणाऱ्यांचा उत्साह तिथेच उतू जातो. त्याऐवजी गुरूच्या वर्गातले साधे सादरीकरण करावे आणि वाचलेल्या रकमेतून तिची पुढची दोन-तीन वर्षे चालवावीत.

नाटक: तिन्हींत स्वस्त. साहित्य जवळजवळ लागत नाही. पैसा दिग्दर्शकाच्या मानधनावर आणि स्पर्धेच्या गावी मुलींना नेण्या-आणण्यावर जातो. राज्य शासनाच्या बालनाट्य स्पर्धेत उतरायचे असेल तर एका प्रयोगासाठी प्रवास, मुक्काम आणि नेपथ्य धरून वेगळे २५,००० ते ४०,००० रुपये बाजूला ठेवावेत.

परीक्षा: सात पायऱ्या, सात वर्षे

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा गावोगावच्या केंद्रांवर होतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण. वर्षाला एक धरली तरी विशारद व्हायला सात वर्षे लागतात. पाचवीत सुरुवात करणारी मुलगी बारावीच्या आसपास विशारद होईल. एका वर्षाचे प्रायोजकत्व तिला कुठे नेऊन सोडेल, ते या क्रमावरून कळते.

या परीक्षांचा व्यवहारी उपयोगही आहे. शास्त्रीय गायन, वादन किंवा नृत्याच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण असलेल्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. लोककलेसाठीही अशी तरतूद आहे. प्रस्ताव शाळेमार्फत, ठरलेल्या मुदतीत जावा लागतो. दुर्गम भागातल्या शाळांनी असा प्रस्ताव आधी कधी पाठवलेला नसतो. दहावीच्या वर्षी दिवाळीपूर्वी मुख्याध्यापकांना भेटून प्रमाणपत्रांच्या प्रती, नमुना अर्ज आणि मुदत यांची खात्री करून घ्यावी. आईवडिलांचा विरोध मावळायला हे गुण पुष्कळदा उपयोगी पडतात.

सरकारी पैसा आधी मागा

देणगीदाराने सरकारी योजनेची जागा भरून काढू नये. पुढील योजनांचे अर्ज भरून द्यायला एखादा माणूस महिना दोन दिवस दिला, तरी तो मोठा आधार ठरतो.

सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती (सीसीआरटी): वय १० ते १४. देशभरात ६५० शिष्यवृत्त्या. त्यांतल्या १२५ पारंपरिक कलावंत कुटुंबांतल्या मुलांसाठी आणि १०० आदिवासी कलांसाठी राखीव. वर्षाला ३,६०० रुपये आणि गुरूच्या फीची ९,००० रुपयांपर्यंत भरपाई. नूतनीकरण होत राहिले तर शिष्यवृत्ती वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत चालू राहते. तमाशा, गोंधळ, वासुदेव, डोंबारी परंपरेतल्या मुलींसाठी ही पहिली खिडकी. गुरूच्या पावत्या पहिल्या महिन्यापासून जपून ठेवाव्यात.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची युवा कलावंत शिष्यवृत्ती: वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षे. गुरूकडे किमान पाच वर्षे शिकलेले असावे लागते. दहाव्या-अकराव्या वर्षी सुरू झालेला गावातला वर्ग इथे कामी येतो.

स्वयं, स्वाधार आणि आधार: शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयं योजना, अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. पुण्यासारख्या शहरात भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये. तिसऱ्या मार्गाचा खर्च यामुळे साधारण ६६ हजार ते १ लाख ५४ हजारांवर येतो. उत्पन्न, गुण आणि अभ्यासक्रमाच्या अटी दरवर्षीच्या सूचनेत पाहाव्यात. पुणे जिल्ह्यातल्या आदिवासी मुलींसाठी चौकशीचे ठिकाण म्हणजे घोडेगावचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय.

या रकमा हप्त्यांनी येतात आणि ठरल्या दिवशी येतील असे धरू नये. खोलीभाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागते. देणगीदारांनी तीन-चार महिन्यांचा खर्च फिरता ठेवला आणि हप्ता आल्यावर तो परत जमा केला, तर तेच पैसे पुढच्या मुलीलाही उपयोगी पडतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले मुलीचे बँक खाते आणि बोनाफाईड ही चार कागदपत्रे मे महिन्यातच तयार करून घ्यावीत.

सुरक्षिततेचा खर्च कापायचा नाही

मुलीला "आमच्याच घरी राहू दे, दोन कामे करील आणि शिकेल" असे म्हणणारा पुणेकर आजही भेटतो. अशी सोय स्वीकारू नये. चौदा वर्षांखालच्या मुलीला घरकामाला ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, आणि मोठ्या मुलीचाही रियाज भांडी घासण्यातच संपतो. नोंदणीशिवाय मुलींचे छोटे वसतिगृह किंवा 'गुरुकुल' चालवणाऱ्यांकडेही पाठवू नये. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे बालगृहाला नोंदणी लागते.

शिक्षकांची पोलीस पडताळणी करून घ्यावी. वर्ग उघड्या दाराच्या खोलीत आणि दुसरी प्रौढ बाई हजर असतानाच व्हावा. स्पर्श करून हस्तमुद्रा किंवा बैठक सुधारण्याआधी मुलीला विचारावे. बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा आणि १०९८ हा मदत क्रमांक मुलींना पहिल्याच दिवशी समजावून सांगावा. मुक्कामाच्या दौऱ्यात दहा मुलींमागे किमान एक बाई सोबत असावी. तिच्या प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च अंदाजपत्रकात लिहूनच ठेवावा.

आणखी एक पथ्य देणाऱ्यांसाठी. वाढदिवसाला, कंपनीच्या समारंभाला किंवा पाहुण्यांसमोर "आमची मुलगी" म्हणून तिला नाचायला लावू नये. छायाचित्र छापायचे तर पालकांची लेखी संमती घ्यावी आणि गावाचे नाव वगळावे.

पैसे कसे द्यावेत

संस्थेमार्फत दिले तर सार्वजनिक न्यासाची नोंदणी, 'दर्पण' क्रमांक आणि मागच्या दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागावेत. संकोच वाटण्याचे कारण नाही, चांगल्या संस्था हे स्वतःहून देतात. पुण्यात शास्त्रीय संगीत वस्त्यांमधल्या मुलांपर्यंत नेणारी बैठक फाउंडेशनसारखी संस्था आहे. गावात नवा वर्ग उभारण्याआधी अशा संस्थेचे काम प्रत्यक्ष पाहून यावे.

प्राप्तिकरातली ८०जी या नावाने ओळखली जाणारी सवलत नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर, साधारणपणे रकमेच्या निम्म्यावर, जुन्या करपद्धतीतच मिळते. २,००० रुपयांवरची देणगी रोख दिली तर ती मिळत नाही. मुलीच्या किंवा पालकांच्या हातात थेट दिलेल्या पैशावर करसवलत नाही. तसे द्यायचे असेल तर फी आणि वसतिगृहाचे पैसे संस्थेच्या खात्यात भरावेत आणि हातखर्च तेवढा मुलीच्या खात्यात टाकावा. तिच्या बापाच्या किंवा मामाच्या खात्यात नको.

कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून मागायचे असेल तर कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण आणि पारंपरिक कलांचे संवर्धन ही दोन्ही कामे बसतात. अर्ज करताना एका वर्षाऐवजी तीन वर्षांचा प्रस्ताव द्यावा.

खिशाप्रमाणे निवड

महिना १,००० रुपये: पहिल्या मार्गातल्या एका मुलीचा जवळजवळ सर्व खर्च भागतो, पुढच्या वर्षी थोडे उरतातही. पंधरा पुणेकरांनी हे केले तर एका गावाचा वर्ग चालतो.

महिना ४,००० रुपये: दुसऱ्या मार्गातल्या एका मुलीचे जवळजवळ पूर्ण वर्ष.

महिना १०,५०० ते १७,८०० रुपये: पुण्यात राहून शिकणारी मुलगी. पाच मैत्रिणींनी मिळून घेतले तर प्रत्येकीला २,१०० ते ३,६०० रुपये येतात. सरकारी भत्ता मिळाला की ही रक्कम उतरते.

पैसे नसतील पण वेळ असेल, तर शिष्यवृत्तीचे अर्ज भरणे, परीक्षेच्या दिवशी केंद्रावर सोबत जाणे, मुलगी पुण्याला आली की स्वारगेटला उतरवून घेणे, ही कामे बिनपैशाची आहेत आणि त्यांना माणसे मिळत नाहीत.

सुरू करण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: किती वर्षे देणार, तुम्ही थांबलात तर पुढचे सहा महिने कोण भागवणार, आणि मुलीने मध्येच कला सोडली तर शाळेचा आधार चालू राहील का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल तरच पहिला धनादेश लिहावा. पंधरा मुलींपैकी विशारदपर्यंत कदाचित दोघीच पोहोचतील. उरलेल्या तेराजणी वर्गाच्या निमित्ताने दहावी ओलांडून पुढे गेल्या, तर त्या पैशाचाही हिशेब बरोबर लागला असे समजावे.